वाकड्या पापडांचा मंडप

बदलापूरच्या कुळगावात माझा वाकडा पापड कुणी बघितलेला नाही. बघितला असेल तर तोंडावर सांगायची हिंमत केली नाही. पापड कसा असावा? ताटात ठेवला तर ताटालासुद्धा कळू नये. पातळ, गोल आणि सरळ. ज्या बाईच्या पापडाची कड उचलते तिला उन्हाची अक्कल नाही, असं माझी सासू म्हणायची. ती गेल्यावर आता मी म्हणते.

आणि त्याच माझ्या गच्चीवर यंदा वैशाखात जे वाळलं, ते बघून सासू वरून खाली आली असती.

हे सगळं केलं माझ्या धाकट्या नातीनं, अक्षदानं. ती डिझाइनचं शिकते. म्हणजे काय, असं शेजारणी विचारतात. मी सांगते, मोठी वस्तू आधी छोटी करून बघायची, मग लोकांच्या पैशानं मोठी करायची. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण एवढं उत्तर मला पुरतं आणि शेजारणींनाही पुरतं.

पोरगी कॉलेजात गेल्यापासून घरातली एक वस्तू जागेवर नाही. पहिल्यांदा तिनं माझ्या नव्या कोऱ्या झाडूचे हीर उपसले आणि बटाट्यांत खोवून दुमजली घर उभं केलं. घर छान झालं होतं, खोटं कशाला बोलू. पण बटाटे सुकले आणि चार-पाच दिवसांत घर पुढं झुकून नमस्कार करायला लागलं. मग वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या चिकटवून स्टूल केलं. माझा मुलगा संतोष, म्हणजे तिचा बाप, ऐंशी किलोचा माणूस. तो त्यावर बसला आणि विचारायला लागला, "आजचा पेपर कुठंय?" आम्ही सगळ्या हसलो. स्टूल मोडलं नाही, पण त्याला अर्धा डबा गोंद लागला होता.

गोंदाचं का सांगते, तर तिच्या शेवटच्या परीक्षेत गोंदच चालणार नव्हता. त्या परीक्षेला ज्युरी म्हणतात. पेपर नाही, पाठांतर नाही. चार मास्तर गोल करून उभे राहतात आणि पोरांच्या कामाला नावं ठेवतात. आमच्याकडे मुलगी बघायला येतात तसंच. घरातली एकच साधी वस्तू घ्यायची, गोंद नाही, दोरा नाही, टाचणी नाही, आणि त्यातून असं छप्पर उभं करायचं की डोक्यावर नारळ ठेवला तरी पडणार नाही. पडलं की वर्ष गेलं. सुपाऱ्या झाल्या, साबण झाला, उरलेल्या लग्नपत्रिका झाल्या. नारळ ठेवला की सगळं भुईसपाट. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं.

आणि घरात तर लग्न. थोरली नात स्वप्नाली, तिचं उल्हासनगर कॅम्प चारमधल्या अल्पेशशी जमलं होतं. मुलगा चांगला. मुलाची आई नीलिमाबाई, तिच्याबद्दल मी मत राखून ठेवलं होतं. कारण साखरपुड्यात ती मला काय म्हणाली? "रुखवतासाठी दमू नका हो आजी. आमच्या कॅम्पात सगळं रुखवत भाड्यानं मिळतं. बाहुल्या, बैलगाडी, तुळशीवृंदावन. संध्याकाळी परत केलं की झालं."

एक तर मी तिची आजी नाही. तिच्या डोक्यातलेही पांढरे मला दिसत होते. आणि दुसरं, भाड्याचं रुखवत? लेकीच्या लग्नात घरच्या बायकांनी हातानं केलेलं मांडायचं, सगळ्यांनी बघायचं, नाक मुरडायचं, आणि मग ते नवरीबरोबर सासरी जायचं, याला रुखवत म्हणतात. दिलं ते दिलं. भाड्यानं आणायला ती काय खुर्ची आहे?

मी त्याच आठवड्यात उडदाची डाळ दळायला दिली.

गच्चीवर पापडाचा घाट घातला. पीठ कुटायला संतोष, लाट्या पाडायला सूनबाई, लाटायला गल्लीतल्या बायका, आणि सगळ्यांना बोल लावायला मी. अक्षदाला म्हटलं, तू वाळत घाल, म्हणजे तुझं डोकं तरी थंड होईल. दुपारी बघते तर पोरगी पाण्याच्या टाकीमागं बसलेली.

"अक्षे, काय चाललंय?"

"पापड वाळवतेय आजी."

"वाटीवर?"

"वाटीवर, टोपावर आणि पप्पांच्या हेल्मेटवर."

बघितलं तर खरंच. संतोषचं गाडीचं हेल्मेट उन्हात बसलेलं आणि त्याच्या डोक्यावर माझा पापड, हा एवढा मोठा, टोपी घातल्यासारखा.

"हेल्मेट धुतलंस का?"

"प्लास्टिक लावलंय ना खाली."

"उचल ते. माझ्या गच्चीवर वाकडा पापड वाळणार नाही."

"आजी, वाकडा नाही तो, कर्व्ह आहे."

"कर्व्ह म्हणजे काय?"

डोकं खाजवत म्हणाली, "वाकडा."

बायका फिदीफिदी हसल्या. मी हात उगारला, पण तोवर तिनं एक वाळलेला सरळ पापड दोन वाट्यांवर आडवा ठेवला आणि त्यावर मूठभर शेंगदाणे टाकले. कट्‌कन मोडला. मग टोपावर वाळलेला वाकडा पापड उपडा ठेवला. त्यावर शेंगदाणे ठेवले, मग वाटी ठेवली, मग वाटीत शेंगदाणे. तो तसाच उभा.

"बघ. सरळ असतो तो मोडतो, वाकतो तो टिकतो."

"मला नको शिकवू," मी म्हटलं. "मी कधी वाकले नाही आणि मोडलेही नाही."

पण हात खाली घेतला. कारण पोरीचं तोंड, जे महिनाभर एवढंसं झालं होतं, ते हसत होतं. वर मी गल्लीतल्या बायकांना दरडावलं, "बघत काय बसलात? जरा जाड लाटा, तिला जाड लागतात."

मग तर तिचा बाजारच सुरू झाला. पापड अर्धा ओला, चामड्यासारखा असतानाच ती कात्रीनं त्याला कडेनं खाचा पाडायची. वाळला की ह्याची खाच त्याच्या खाचेत. पहिला मंडप उभा राहिला तो कावळ्यानं नेला. दुसरा मुंग्यांनी. तिसऱ्याला तिनं पाटावर मांडून पाटाखाली चारी बाजूंनी पाण्याच्या वाट्या ठेवल्या. खाली टोपावरच्या पापडांच्या कमानी, मध्ये कढईवरचे, आणि सगळ्यांत वर हेल्मेटवरचा मोठा घुमट. मिरीचे काळे ठिपके सगळीकडून नक्षीसारखे. ऊन आरपार जायचं आणि आत पिवळा उजेड पडायचा. मी देव्हाऱ्यातला नारळ आणून दिला. तिनं डोळे मिटून तो वर ठेवला. मंडप जरा कुरकुरला. मग गप्प.

नारळ वर, मंडप खाली, आणि माझी नात गच्चीभर नाचत. मी पण दोन पावलं नाचले असं सूनबाई सांगते. मला आठवत नाही.

आता पुढचं ऐका, आणि मला दोष देण्याआधी नीलिमाबाईचं ते भाड्याचं बोलणं आठवा.

लग्न अंबरनाथच्या हॉलमध्ये होतं. आम्हाला जवळ, त्यांनाही जवळ. ज्युरी लग्नानंतर दोनच दिवसांनी. मी अक्षदाला म्हटलं, "मंडप रुखवतात नुसता मांडू. दोन तास. लोक बघतील, मग आपला पाट आपल्या घरी."

"नुसता मांडायचा हां, आजी. द्यायचा नाही. शप्पथ?"

"बकुळाचा शब्द आहे."

मांडला. रुखवताच्या टेबलावर मधोमध, वर नारळ. अहो, नवरदेवाला सोडून लोक तिकडे! फोटो काढायला रांग लागली. मी शेजारी खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येकाला सांगत होते, हात लावू नका, बघायचं तर लांबून बघा. तेवढ्यात नीलिमाबाई तिच्या दोन बहिणींना घेऊन आली. मंडपाभोवती फिरली, वाकून आत बघितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "छान आहे हो. कुठून आणलंत भाड्यानं?"

माझ्या डोक्यात उकळी फुटली.

"भाड्यानं?" मी म्हटलं. "विहीणबाई, आमच्या गच्चीवर केलंय हे. माझ्या नातीनं, माझ्या पापडांचं. आणि तुमच्याच घरासाठी केलंय. न्या, आणि सगळ्या कॅम्पाला दाखवा!"

बहिणींची तोंडं उघडी राहिली. मला इतकं बरं वाटलं की मी जेवताना दोन जिलब्या जास्त घेतल्या.

संध्याकाळी पाठवणी झाली. रडारड झाली. त्यांच्या टेम्पोत भांडी चढली, बॅगा चढल्या, रुखवत चढलं. आम्ही घरी आलो, पाय धुतले, आणि अक्षदानं विचारलं, "आजी, पाट कुठंय?"

मी पाय परत धुवायला घेतले.

"आजी?"

"गेला," मी म्हटलं. "स्वप्नालीबरोबर."

ती ओरडली असती तर मी दुप्पट ओरडले असते, मला ते जमतं. पण ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि संतोषचं हेल्मेट मांडीवर घेऊन नुसती बघत राहिली. डाळ दळून नवे जाड पापड लाटायचे, कडक वाळवायचे आणि मंडप जमवायचा तर चांगले आठ-दहा दिवस लागतात, आणि ज्युरी परवावर. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

संतोष म्हणाला, "फोन करतो ना अल्पेशला. परत मागू."

"रुखवत परत मागतात?" मी म्हटलं. "उद्या त्या नीलिमाबाईनं स्वप्नालीला जन्मभर ऐकवायचं, तुझ्या घरचे दिलेलं परत मागतात म्हणून?"

"मग अक्षूचं वर्ष?"

मी पाय पुसले. मी म्हटलं, "उद्या त्यांच्याकडे पूजा आहे ना? मी येते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण मी जाणार नव्हते. आमची रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी मोठ्या माणसानं पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. माझ्या दोन्ही लेकींकडे मी घरून बाटली न्यायचे. नातीकडेही तेच. तेव्हा बाटली भरली आणि संतोष-अक्षदाबरोबर निघाले.

कॅम्प चारची ती गल्ली म्हणजे एका बाजूला शिवणयंत्रांची खडखड, दुसऱ्या बाजूला सोफे बनवणाऱ्यांची ठोकठोक, आणि मध्ये स्कूटर. पूजेसाठी बाहेर पडदा बांधला होता. दारातच एक गोरीपान, जाडजूड सिंधी बाई ट्रे घेऊन उभी. शेजारीण होती. घरची असल्यासारखी म्हणाली, "आओ अम्मा, आओ. पहले पापड-पानी, फिर बात."

या गल्लीत अशी पद्धत. माणूस दारात आला की आधी भाजलेला पापड आणि पाणी. सिंध्यांची रीत, ती मराठी घरांनीही उचललेली. मी माझी बाटली वर करून दाखवली आणि नको म्हणणार, तेवढ्यात अक्षदानं ट्रेमधला तुकडा उचलला. उजेडात धरला. कडेला सरळ कापलेली खाच होती.

"आजी," ती म्हणाली, "हा टोपावरचा."

आम्ही दोघी आत धावलो. संतोष मागून चपला सांभाळत.

मंडप टीव्हीशेजारी शोकेसवर होता. म्हणजे उरलेला. एका बाजूच्या कमानी गायब, आणि घुमट त्या बाजूला असा कलंडलेला की आता पडेल का मग पडेल. अक्षदानं दोन्ही हातांनी तो धरला. स्वप्नाली नव्या साडीत स्वयंपाकघरातून आली आणि बहिणीचं तोंड बघून जागीच थांबली.

"अगं, मला काय माहीत," ती पुटपुटली. "मला वाटलं आजीनंच दिलं."

नीलिमाबाई हात पुसत आली. "कालपासून माणसं संपत नाहीत हो आजी! गल्लीत पापडाशिवाय कुणाला बसवत नाही, आणि आमचे संपले. म्हटलं, रुखवतातले पापड खायलाच असतात. मागच्या बाजूचे काढले, पुढून दिसायला नको म्हणून." आणि वर, "पापड मात्र एक नंबर हां."

दारातून सिंधीण ओरडली, "अम्मा, आपने बनाया? काली मिर्च एकदम बराबर!"

उल्हासनगर म्हणजे पापडाचं गाव, आणि तिथल्या बाईनं हे म्हणावं! दुसरा कुठला दिवस असता तर मी तासभर बसून ऐकून घेतलं असतं. पण अक्षदाचे हात घुमटाखाली होते आणि ती माझ्याकडे बघत होती. रागानं बघत नव्हती, तेच वाईट होतं.

घर माणसांनी भरलेलं. भटजी पोथी बांधत होते. मी बाटली खाली ठेवली.

"विहीणबाई," मी म्हटलं, "मला ते परत पाहिजे."

बाहेरची ठोकठोक तेवढी चालू. संतोष पंख्याकडे बघायला लागला, जणू तो आत्ताच कुणीतरी बसवला होता.

"काय परत पाहिजे?" नीलिमाबाईनं विचारलं. तिला ऐकू आलं होतं. तिला परत ऐकायचं होतं. मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं.

"रुखवत. तो मंडप. अक्षदाची उद्या परीक्षा आहे, तो तिचा पेपर आहे. मी तिला शब्द दिला होता आणि तुमच्यापुढं मिरवायला तो मोडला. आता हसा."

ती हसली नाही. कंबरेवर हात ठेवून ती मंडपाकडे बघत राहिली, मग माझ्या बाटलीकडे.

"दिलेलं रुखवत परत करायची रीत नाही," ती म्हणाली.

"नाही."

"आणि नातीच्या घरी पाणी न प्यायची रीत तुमची."

"माझीच."

"मग एक रीत मी मोडते, एक तुम्ही मोडा." तिनं सिंधिणीच्या हातातला ट्रे घेतला आणि माझ्यापुढं धरला. "बसा, खा. पाणी प्या. मग घेऊन जा."

स्वप्नाली म्हणाली, "अहो आई, आजी नाही खात, तिला नका—" 

"गप बस," मी नातीला म्हटलं. "दोन म्हाताऱ्या बोलतायत."

"म्हातारी कोण?" नीलिमाबाई म्हणाली.

मला ती बाई तेव्हा आवडली.

मी सोफ्यावर बसले आणि पापड उचलला. माझाच पापड, टोपावर वाळलेला, वाकडा. सगळं घर माझ्या तोंडाकडे बघतंय. चावला. असा कुर्रकन आवाज झाला की भटजींनीसुद्धा मान वळवली. मग पाणी प्यायले, अख्खा पेला. आणि एक सांगून ठेवते, त्या भागात पाणी येतं ते जांभूळहून, आणि जांभूळ आमच्या बदलापूरच्या शेजारी. म्हणजे पाणी आमच्याच बाजूचं. तेव्हा बकुळानं रीत मोडली असं कुणी म्हणू नये.

"आणखी एक द्या," मी म्हटलं.

त्यावर जो हशा झाला त्यात अक्षदासुद्धा हसली, आणि घुमट तिच्या हातात हलला. "ताई, धर, धर!" स्वप्नालीनं पदर खोचून धरला. मग पोरीनं काय केलं, तर सगळा मंडप सोडवला. एकेक खाच अलगद. पापड जमिनीवर मांडले आणि त्यांच्याकडे बघत बसली. नीलिमाबाईला राहवेना. "अगं, आता कसं होणार? मी खाल्ले ते कुठून आणू?"

"थांबा काकू."

तिनं उरलेल्या कमानी तीन बाजूंना जवळजवळ लावल्या आणि चौथी बाजू मोकळीच सोडली. मधले पापड उलटे फिरवले, त्यांची पाठ आत. मग घुमट, पण सरळ नाही, जरा मागं सरकवून. आधीचा मंडप बंद पेटीसारखा होता. आता त्याला पुढं दार झालं. सिंधीण वाकून बघते आणि म्हणते, "अरे, ये पापड है कि मंदिर?"

"नारळ," अक्षदा म्हणाली.

नीलिमाबाई स्वतः आतून नारळ घेऊन आली. दोन्ही हातांनी अलगद ठेवला. मंडप कुरकुरला. एक कमान इतकी वाकली की मी डोळे मिटले.

डोळे उघडले तर नीलिमाबाई माझ्या गळ्यात.

पाट घेऊन निघताना तिनं दारात अडवलं. "परीक्षा झाली की परत आणायचा हां. आमचं रुखवत आहे ते."

दुसऱ्या दिवशी अक्षदा तो मांडीवर घेऊन शेजाऱ्यांच्या गाडीत संतोषच्या बाजूला बसली, आणि बापाला प्रत्येक खड्ड्याला बोल लावत कॉलेजात गेली. दुपारी फोन आला. मी उचलला.

"आजी! नारळ राहिला! मग सरांनी अजून एक ठेवला, तोपण राहिला!"

"आणि नावं ठेवली की नाही?"

"एका मॅडमनी विचारलं, एक बाजू उघडी ठेवायचा विचार कसा सुचला?"

"मग?"

"मी सांगितलं, तिथल्या कमानी ताईच्या सासूबाईंनी पाहुण्यांना खायला घातल्या. सगळे हसायला लागले. पहिली आले मी, आजी!"

मी फोन ठेवला आणि गल्लीत गेले. सगळ्यांना सांगून झाल्यावर परत एकदा सगळ्यांना सांगितलं.

मंडप आता कॅम्प चारला शोकेसवर आहे, भोवती काच बसवून. मी तिकडं जाते तेव्हा बाटली नेत नाही, वजन उगीच. परवा त्या सिंधिणीनं निरोप पाठवला, की अम्मांचे तसले वाकडे पापड पाहिजेत, त्यात कांदा-टोमॅटो छान बसतो, सांडत नाही. मी कळवलं, वाकडा पापड आमच्या घरी होत नाही. कर्व्ह होतो.

सकाळी संतोष घरभर फिरत होता. "माझं हेल्मेट कुठंय?"

"गच्चीवर," मी म्हटलं. "त्याला हात लावू नकोस, वरचा कर्व्ह अजून ओला आहे. तू आज रिक्षानं जा."